उसनं दुखणं

मंगळवार, ८ जानेवारी १९७४

भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाची वही निम्मी कोरी उरली आहे. पुठ्ठा चांगला आहे, फेकवत नाही. म्हणून आजपासून हिच्यात मनातलं लिहिणार. पुढच्या निम्म्यात भिंगांची अंतरं आहेत, ती कुणी वाचत नाही. म्हणजे मागचंही कुणी वाचणार नाही.

कॉलेज सुटून महिना झाला. सुटलं म्हणजे मीच सोडलं. डेमॉन्स्ट्रेटर सगळ्या पोरींसमोर म्हणाला, "बारापात्रे, तुझे आकडे फार सुंदर आलेत. खरे आकडे इतके सुंदर नसतात." मी म्हटलं, मग तुमचे तुम्हीच घ्या, आणि भिंग टेबलावर ठेवलं. जरा जोरात ठेवलं. (आकडे मी मनाने लिहिले नव्हते, अंदाजाने लिहिले होते. दोन्हींत फरक आहे.) घरी बाबांनी एवढंच विचारलं, "परत जाशील?" मी म्हटलं, मेलो तरी नाही. "मग उद्यापासून मागावर."

गोळीबार चौकात आमचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत आम्ही तिघं. बाबा, म्हणजे नानाजी बारापात्रे, जरीकाठाची पातळं विणतात. माय रहाटावर सुताच्या कांड्या भरते. मी सुताचे तुटलेले तार सांधतो आणि बोलणी खातो.

पण हे सगळं लिहायला वही उघडली नाही. परवा ताणा, म्हणजे मागावरचे उभे तार, झाडताना कापसाचा एक तंतू उजव्या डोळ्यात गेला. मायने पदराचं टोक फिरवलं, फुंकर मारली, डोळा टमाट्यासारखा झाला. शेवटी माझ्या मित्राने, गोविंदाने, सायकलवर डबलसीट घेऊन धंतोलीला डॉ. वैरागडेंच्या दवाखान्यात नेलं. त्याच्या मामाचा मोतीबिंदू तिथेच काढला होता.

डॉक्टरांच्या आधी एक मुलगी आली. पांढरं पातळ, हातात पाण्याची पिचकारी. "वर पाहा. खाली पाहा. आता नाकाकडे पाहा." उजव्या डोळ्याने मी नाकाकडे पाहिलं. डाव्याने तिच्याकडे. बस, तिथेच सगळं संपलं माझं.

मग ती रजिस्टर घेऊन बसली. नाव सांगितलं. पत्ता विचारला, तर तोंडातून बंगल्यांच्या वस्तीचं नाव निघालं, धरमपेठ. काय करता? बी.एस्सी., दुसरं वर्ष. डोळ्यात काय गेलं? कापूस. कुठून? "उशी फाटली," मी म्हटलं.

तिने तीन वेळा माझ्याकडे पाहिलं. मी मोजलं.

गुरुवार, १० जानेवारी

नाव कळलं. पुष्पलता. गोविंदाने मामाच्या ओळखीतून काढलं. पारशिवनीकडची, घरची शेती, इथे आत्याकडे राहते. दोन वर्षांपासून दवाखान्यात आहे. अजून लग्न ठरलेलं नाही. गोविंदा म्हणाला, "ठरलं नाही म्हणजे तुझ्याशीच ठरेल असं नाही होत, बे." असल्या माणसाला मित्र म्हणावं का, हा विचार चालू आहे.

घरात आज भांडण. बाबांनी माग थांबवला आणि हाक मारली, "हा तार काहून सुटला?" मी वाकून पाहिलं. तार सगळे जागेवर. "सुटला नाही बाबा."

"मले दिसून राहिला ना इथं. काळा. लोंबून राहिला."

"काळा तार आपल्या ताण्यात आहेच कुठं? लाल आहे सगळा."

बाबा बोटाने चाचपत राहिले. बोट नेलं की तार बाजूला सरकतो म्हणे. मग स्वतःचंच दोन बोटं विणलेलं उसवलं, त्यात काही निघालं नाही, तर म्हणतात, "कालेजात जाऊन डोळे फुटले तुझे." माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, माझे नाही, तुमचे फुटले असतील. माय मध्ये पडली म्हणून थांबलो. जेवलो नाही. म्हणजे दोनच भाकरी खाल्ल्या.

शनिवार, १२ जानेवारी

आज डोकेदुखीचं निमित्त करून धंतोलीला. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मी जोशात शेवटची ओळही वाचली, खालचं छापखान्याचं नावही वाचलं. "तुमची नजर घारीची आहे, निघा," डॉक्टर म्हणाले. चार मिनिटांत बाहेर. पुष्पलता एवढंच बोलली, "डोकं दुखते, तर कमी तापत जा." मी तापट आहे हे हिला कसं कळलं? बहुतेक बाकावर माझ्या आधी घुसू पाहणाऱ्या गृहस्थांना मी जे बोललो त्यावरून.

गोविंदा परत येताना सायकल हाणता हाणता म्हणाला, "तुले असं दुखणं पाहिजे, जे बाहेरून दिसत नाही अन् तपासाले दिवसभर लागते." गोष्ट खरी आहे. पण माझ्या डोळ्यांना काही होतच नाही. निरोगी माणसाची प्रेमात फार गैरसोय होते.

सोमवार, १४ जानेवारी, संक्रांत

माग बंद. सगळा मोहल्ला गच्चीवर आणि पतंगांवर. दवाखानाही बंद, त्यामुळे खिशात ठेवलेला तिळगूळ संध्याकाळी मीच खाल्ला.

बाबा अंगणात खाट टाकून आभाळाकडे पाहत पडले होते. एकदम उठून हात हवेत फिरवायला लागले. "कोणाचा मांजा कटून लोंबून राहिला रे आपल्या घरावर? पोट्ट्यांचे गळे कापतीन."

मी वर पाहिलं. स्वच्छ निळं आभाळ. शेजारची पोरं हसली. बाबा त्यांच्यावर ओरडले. मग मला म्हणाले, "तो बघ ना गा, तिकडे गेला. आता इकडे आला. जिकडे पाहावं तिकडे येऊन राहिला." मायने हसून म्हटलं, "अजी, भांग घेतली का?" बाबा रागाने आत गेले आणि सणाच्या दिवशी एकटेच जरीच्या लडी मोजत बसले. म्हातारपण माणसाला हट्टी करतं. माझ्यात त्यांचा हा गुण आला नाही, हे बरं.

बुधवार, १६ जानेवारी

सापडलं! दुखणं सापडलं. आणि घरातच होतं.

सकाळी उजाडायच्या आत बाबा मागावर बसले. मी दिवा लावायला गेलो, तर म्हणतात, "राहू दे. नवी जरी भल्ली चांगली आली आहे. अंधारातही चमकते."

"अंधारात जरी कशी चमकंल?"

"मान फिरवली की उजव्या कोपऱ्यात चमकते. चर्रकन. इतकी वर्षं विणून राहिलो, अशी जरी पाहिली नाही."

जरीच्या कांड्या तर डाव्या बाजूला होत्या, पण मी बोललो नाही. कशाला सकाळी सकाळी? मात्र ते ऐकताना मनात आलं, हे तर झकास दुखणं आहे. बाहेरून दिसत नाही, कुणाला पटवून देता येत नाही, नाकारताही येत नाही. काळा तार, फिरता मांजा, कोपऱ्यातली चमक. कालपासून बाबा आणखी एक सांगत आहेत, की कंदिलाच्या काचेवरून काजळी झडावी तसे काळे ठिपके डोळ्यांपुढून पडतात. कंदील आम्ही दोन वर्षांपूर्वीच माळ्यावर टाकला.

गोविंदासमोर तालीम केली. त्याला तार, मांजा, चमक, काजळी ओळीने ऐकवलं. तो म्हणाला, "एवढं सगळं एका डोळ्याले? डॉक्टर पाठवंल नाही तुले लवकर." उद्या जातो.

शुक्रवार, १८ जानेवारी

काल लिहिता आलं नाही. अक्षरं मुंग्यांसारखी पळत होती. आता ठीक आहे. डोळे ठीक आहेत, मी नाही.

सुरुवात सुंदर झाली. पुष्पलताने विचारलं, "आज काय?" मी पाठ केलेलं सगळं सांगितलं. तिचा चेहराच बदलला. रजिस्टर बाजूला ठेवून ती आत गेली आणि परत आली ती माझा नंबर अकरावरून पहिला करूनच. बाकावरचे लोक कुरकुरले, तर त्यांना म्हणाली, "याचं थांबण्यासारखं नाही." माझ्यासाठी! मग डोळ्यांत थेंब. दहा मिनिटांनी पुन्हा थेंब. पुन्हा. बाहुल्या मोठ्या व्हाव्या लागतात म्हणे, म्हणजे आतलं दिसतं. "डोळे मिटून बसा, मान हलवू नका, घाबरू नका," ती म्हणाली. तासभर मी डोळे मिटून बसलो आणि दर वेळी पावलं तिचीच आहेत का ते ओळखत राहिलो. आयुष्यातला सगळ्यात चांगला तास.

मग डॉक्टर. कपाळावर दिवा बांधलेला, हातात भिंग. तो उजेड काय होता! मेंदूच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला असेल. वर पाहा, उजवीकडे, आणखी उजवीकडे. बोथट काडीने पापणीवरून डोळा दाबत होते. पंधरा मिनिटं. पाणी गालावरून शर्टात.

मध्येच प्रश्न. "चमक दोन्ही डोळ्यांत दिसते का? नागमोडी, सरकत जाणारी, वीस मिनिटांनी जाऊन मग डोकं दुखतं, तशी?"

"नाही. एकाच डोळ्यात. मान फिरवली की चर्रकन. अंधारात जास्त."

"ठिपके कधीपासून?"

"परवापासून. आधी एकच तार होता."

डॉक्टरांनी दिवा काढला. म्हणाले, "तुझ्या डोळ्यांत काही नाही. बकरीचे इतके चांगले नसतात."

मी बाहीने गाल पुसले.

"पण तू जे सांगितलंस ते पुस्तकात वाचून कुणी असं सांगत नाही. काजळी झडते म्हणालास. हे ज्याने पाहिलं त्याचे शब्द आहेत. कोण आहे तो?"

दाराशी पुष्पलता उभी होती. मला धूसर दिसत होती, पण होती. आता सांगायचं काय? माझे बाबा मागावर बसतात, धरमपेठेत आम्हाला कुणी ओळखत नाही, आणि मी त्यांचं बोलणं उचलून इथे आणलं? मी म्हटलं, "कुणी नाही. मीच."

"मग तू खोटा आहेस," डॉक्टर म्हणाले. "आणि खरा माणूस घरी बसला असेल, तर त्याला सांग, डोळ्याचा पडदा फाटायला लागला की असं दिसतं. एखाद्या बाजूने अंधार चढायला लागला, तर मग दिवस हातात नसतात."

खोटा! तिच्यासमोर! मी म्हटलं, "तुम्हालाच तपासता येत नाही." आणि दार आपटून निघालो. दार आपटताना अंदाज चुकला, बोट सापडलं. उन्हात डोळे उघडेनात. धंतोली ते गोळीबार चौक सायकल हातात धरून पायी आलो.

डॉक्टर लोक घाबरवण्याचेच पैसे घेतात. बाबांना काय झालंय? जेवतात, ओरडतात, विणतात. ओरडतात तर रोजच्यापेक्षा जास्त.

आत्ता हे लिहिताना पुढच्या खोलीतून मागाच्या धोट्याचा आवाज येतो आहे. खट, खट, आणि मग थांबतो. पूर्वी इतक्यांदा थांबायचा का? आठवत नाही. मी कधी ऐकलाच नव्हता.

शनिवार, १९ जानेवारी

लांब लिहिणार आहे.

सकाळी मी तार सांधायचं सोडून बाबांकडे पाहत बसलो. डाव्या हाताने धोटा फेकला की उजव्या हाताने झेलायचा, हे बाबा झोपेतही करतील. आज तीन वेळा धोटा उजव्या हाताला लागून खाली पडला. चौथ्यांदा त्यांनी आधी पूर्ण मान उजवीकडे वळवली, मग झेलला. माणूस रस्ता ओलांडताना वळवतो तशी.

मी म्हटलं, "बाबा, धोटा दिसत नाही का?"

"दिसते ना. कोणीतरी तिकडच्या अंगाले लुगडं वाळत टाकलं आहे, त्याची सावली येऊन राहिली."

तिकडच्या अंगाला भिंत आहे.

मी म्हटलं, चला, धंतोलीला जाऊ. बाबा म्हणाले, "काहून? सुभद्राबाईच्या पोरीचं लग्न आठ दिवसांवर आलं. पातळ उतरल्याशिवाय मी उठत नाही."

"डोळ्याचा पडदा फाटून राहिला आहे तुमचा."

"तुले कोणं सांगितलं? तू डॉक्टर कधी झाला? बी.एस्सी. तर झाली नाही."

आता सांगावंच लागलं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. उशीपासून. धरमपेठ, डोकेदुखी, तार, मांजा, चमक, काजळी. पुष्पलताचं नाव घेताना आवाज बारीक झाला, पण घेतलं. माय कांड्या भरायची थांबली. बाबा मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यातून माझ्याकडे वर पाहत होते.

"म्हणजे मी इथं तार शोधून राहिलो," ते सावकाश म्हणाले, "अन् तू मले म्हणे काही नाही. अन् तिकडे जाऊन तोच तार एका पोरीले दाखवून राहिला?"

"हो."

वाटलं, धोटाच फेकून मारतील. मारला असता तर बरं झालं असतं. त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा विणायला लागले. "जा. मले काम आहे."

मला राग आला. खरं सांगतो, इतक्यातही आला. मी खड्ड्याच्या काठावर बसलो, त्यांचा डावा तळहात उचलून त्यांच्याच डाव्या डोळ्यावर ठेवला आणि म्हटलं, "हात काढायचा नाही. समोर मागाच्या फणीकडे पाहा. काय काय दिसते ते सांगा. एवढं सांगितलं की मी जातो."

"फणी दिसते. ताणा दिसते. तुझं थोबाड दिसते." मग थांबले. "तुझी माय कुठं गेली? आत्ता तर इथं बसली होती."

माय त्यांच्या उजव्या हाताला, दीड हातावर बसली होती. रहाट तिच्या मांडीशी होता.

"अजी," ती म्हणाली, "मी इथंच आहे."

बाबांनी हात काढला. तिला पाहिलं. पुन्हा हात ठेवला. पुन्हा काढला. त्यानंतर कुणाला काही समजवावं लागलं नाही. त्यांनी धोटा जागेवर ठेवला, ताण्यावर फडकं टाकलं आणि म्हणाले, "चप्पल दे गा."

सायकल रिक्षा केली. बाबा रस्ताभर डोळे मिटून बसले, मी खड्डा आला की रिक्षावाल्यावर ओरडत होतो.

दवाखान्यात बाकावर बाबा, शेजारी माय, मी भिंतीला. पुष्पलता रजिस्टर घेऊन आली. मला पाहून तिने काही म्हटलं नाही. बाबांना विचारलं, "बाबाजी, काय होते?" आणि बाबांनी तार, चमक, काजळी, लुगड्याची सावली सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा कितीतरी वाईट क्रमाने आणि मधे मधे जरीच्या व्यापाऱ्याला शिव्या देत. ती ऐकत राहिली. मग वळून मला म्हणाली, "हे तुमचे वडील?"

"हो."

"धरमपेठ खोडू का?"

"खोडा. गोळीबार चौक."

"बी.एस्सी.?"

"तेही खोडा."

"उशी मी लिहिली नव्हती," ती म्हणाली, "पण लक्षात आहे." आणि बाबांच्या डोळ्यांत थेंब घालायला वाकली.

डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग तासभर पाहिलं नाही. तपासून झाल्यावर खुर्ची बाबांच्या जवळ ओढली. म्हणाले, "नानाजी, डोळ्याच्या आत घट्ट पाकासारखा गर असतो. वय झालं की तो सैल होतो आणि मागच्या पडद्यापासून सुटतो. सगळ्यांचाच सुटतो केव्हा ना केव्हा. कित्येकांना थोडी चमक, एखादा तार दिसतो आणि पुढे काही होत नाही. पण कुणाचा गर सुटता सुटता पडद्याला ओढतो. पडद्याला दुखत नाही, ओरडताही येत नाही. त्याला एकच गोष्ट सांगता येते, उजेड. म्हणून ओढ बसली की उजेड दिसतो."

"जरी नव्हती तर," बाबा म्हणाले.

"जरी नव्हती. तुमचा पडदा ओढून फाटला आहे आणि भोकातून पाणी मागे शिरून तो भिंतीपासून उचलला जातो आहे."

"ताणा जास्त खेचला की होते तसं."

"अगदी तसं. मधला भाग, ज्याने तुम्ही तार मोजता, तो अजून चिकटलेला आहे. तो उचलला गेला तर मग मला फारसं काही करता येणार नाही. आता घरी जायचं नाही. वर खाट आहे. मी सांगतो त्या कुशीवर पडायचं, मान हलवायची नाही. सोमवारी ऑपरेशन." मग माझ्याकडे वळले. "गुरुवारी सावलीचं काही सांगितलं नव्हतंस."

"नव्हती," मी म्हटलं. "काल आली असेल. मी विचारलं नाही."

त्यांनी बाबांचा कागद ओढून लिहायला घेतलं. मला चार शब्द सुनवायला हवे होते.

सोमवार, २१ जानेवारी

ऑपरेशन झालं. अडीच तास. बर्फापेक्षा गार सळईने फाटलेल्या जागेभोवती डाग देतात, म्हणजे ती चिकटते, आणि बाहेरून डोळ्याला एक पट्टा शिवून आत दाब देतात. डॉक्टर म्हणाले, चिकटलं का ते पट्टी सुटेपर्यंत नक्की सांगता येत नाही. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. एक डोळा हलला की दुसराही हलतो, म्हणून. डोक्याच्या दोन बाजूंना वाळूच्या पिशव्या.

आयुष्यात दहा मिनिटं गप्प न बसलेला माणूस दहा दिवस निश्चल पडणार. मला मागावर बसवलं तेव्हाही एवढी शिक्षा नव्हती.

गुरुवार, २४ जानेवारी

सकाळी माग, दुपारी दवाखाना. सुभद्राबाईचं पातळ मी विणतो आहे. पदर बाबांनी पुरा करत आणला होता म्हणून वाचलं. मधलं अंग साधं आहे, तरी माझा हात कुठे घट्ट, कुठे सैल. माय पाहते आणि काही बोलत नाही, त्याचाच त्रास होतो.

बाबा पडल्या पडल्या चिडतात. आज मला म्हणाले, "धोटा कसा फेकतो सांग." मी सांगितलं. "हात खांद्यातून फेकतो तू. मनगटातून फेक." न पाहता कसं कळलं? "तू सगळंच खांद्यातून करतो," म्हणाले. मी उलट उत्तर देणार होतो, इतक्यात ते रागाने मान उचलायला लागले आणि पुष्पलताने दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरून परत पिशव्यांत ठेवलं. "बाबाजी, भांडाचं असंल तर तोंडानं भांडा. मानेनं नाही." मग मला, "अन् तुम्ही तापले तर बाहेर जा. बाबाजीचा डोळा तुमच्यापायी हलला तर मी तुम्हाले पायरी चढू देणार नाही."

मी बाहेर गेलो. जिन्यात बसून शंभर अंक मोजले. नंतर आत येऊन मनगटातून कसं फेकायचं ते पुन्हा विचारलं. त्यांनी हवेत हात करून दाखवलं. हात नेमका फिरला. मला का कोण जाणे, बघवेना.

रविवार, २७ जानेवारी

पातळ उतरलं. सुभद्राबाई घेऊन गेली. काही म्हणाली नाही, दोनदा उलटून पाहिलं मात्र. पहिल्यांदाच मला कुणी काही न बोललेलं नीट समजलं.

बाबांनी आज विचारलं, "चिकटलं नसंल तर?" मायने त्यांच्या हातावर हात ठेवला. मी म्हटलं, चिकटेल. ते म्हणाले, "आकडा अंदाजानं सांगतो का मोजून?" पुष्पलता औषधाची बाटली हलवत होती. म्हणाली, "अंदाजानंच. पण डॉक्टरांचा चांगला असते."

तिच्याशी मी आठवड्यात फार बोललो नाही. बोलण्यासारखं पुष्कळ होतं आणि तरी जमलं नाही. तिलाही कुठे वेळ आहे, सकाळपासून अख्ख्या विदर्भाचे डोळे येतात.

गुरुवार, ३१ जानेवारी

आज पट्टी सुटली.

माय रात्रीपासून काही खायला तयार नव्हती. गोविंदा कामाला दांडी मारून आला आणि जिन्यातच थांबला. डॉक्टरांनी खिडकीचा पडदा ओढायला लावला, पट्ट्या काढल्या, ओल्या कापसाने पापण्या पुसल्या. उजवा डोळा सुजलेला, लाल, पाहवत नव्हता. डाव्यावर डॉक्टरांनी स्वतःचा तळवा ठेवला.

"सावकाश उघडा. किती बोटं?"

बाबांनी डोळा किलकिला करून डॉक्टरांच्या हाताकडे पाहिलं, मग हाताच्या पलीकडे. तिथे पुष्पलता ट्रे घेऊन उभी होती. बाबा पाहतच राहिले. मायने माझं मनगट इतकं दाबलं की अजून वळ आहे.

"नानाजी, बोटं किती?"

"बोटं राहू द्या," बाबा म्हणाले. "या बाईच्या पातळाच्या काठात दोन तार सुटले आहेत. तिथं, निऱ्यांच्या वर. गिरणीचा माल."

पुष्पलताने ट्रे ठेवला, काठ हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ शोधला. "हाव," ती म्हणाली. "सुटले आहेत. मले कधी दिसले नाही."

डॉक्टर हसले. पुन्हा कपाळाचा दिवा लावून आत पाहिलं, बराच वेळ. चिकटलं आहे म्हणाले. उजव्या कोपऱ्यात थोडं धुकं राहील, कदाचित कायमचं. सहा महिने माग नाही, वजन उचलणं नाही. पुन्हा चमक दिसली, तार दिसला, तर त्याच दिवशी यायचं, "आणि स्वतः यायचं, कुणाच्या हाती निरोप पाठवायचा नाही." हे माझ्याकडे पाहून.

बाबांचं लक्ष तिकडे नव्हतं. "कुठून घेतलं हे, बाई?"

"इतवारीतून."

"फसवलं तुम्हाले."

"मग चांगलं कुठं भेटते, बाबाजी?"

"आमच्या घरी भेटते." बाबांनी अंगठा माझ्याकडे केला. "पण या पोट्ट्यानं विणलेलं घेऊ नका. सहा महिने तरी."

राग यायला हवा होता. सगळ्यांसमोर म्हणाले. पण ती माझ्याकडे पाहत होती, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिने मोजत होतो. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे, जून, जुलै.

"ऑगस्टमध्ये येते," ती म्हणाली, आणि पुढच्या नंबरला हाक मारायला बाहेर गेली.